पाचशे तास

‘आमचा कारखाना’ असं मी बोलून जाते तेव्हा नव्या माणसाला वाटतं, सासरचा नाहीतर माहेरचा धंदा असणार. तसं नाही. मी तिथं पगारावर आहे, २०१४ पासून. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत चौदा माणसांचा कारखाना आहे आणि तिथं आम्ही लोखंडाला लावायचे रंग बनवतो. पंप, गिअरबॉक्स, उसाच्या ट्रॉल्या, साखर कारखान्यातल्या टाक्या, फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं, या सगळ्यांचे प्रायमर म्हणजे लोखंडावरचा पहिला थर, आणि फिनिश म्हणजे त्यावरचा रंग. घराच्या भिंतींशी आमचा संबंध नाही. प्रयोगशाळा म्हणजे बारा बाय दहाची खोली, आणि त्या खोलीची जबाबदारी माझी.

शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाले तेव्हा वर्गातली बहुतेक मुलं-मुली औषध कंपन्यांत गेली. कुणी कुरकुंभला, कुणी लोट्याला, कुणी पुण्यात. वडिलांच्या आजारपणामुळं मला कोल्हापूर सोडता येत नव्हतं, म्हणून मी इथं लागले. पहिली काही वर्षं कुणी विचारलं की ‘केमिकल कंपनीत’ एवढंच सांगायचे. ‘रंगाच्या कारखान्यात’ म्हटलं की समोरचा भिंतीवर ब्रश फिरवल्यासारखा हात करायचा आणि ‘एवढं शिकून?’ म्हणायचा. आज मी सरळ सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते. हा बदल ज्या वर्षात घडला त्या २०१९ सालाची ही हकीकत.

त्या जानेवारीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा आली. त्यांचे पंप कोकणपट्टीत पाणीयोजनांना जायचे, काही जहाजानं परदेशी. तोवर वापरत होते तो रंग समुद्राच्या हवेत वर्षभरात बुडाशी सुटायला लागायचा. आमच्या मालकांना कारखान्यात सगळेच अण्णा म्हणतात. ते मला घेऊन त्या कंपनीत गेले. खरेदी विभागातल्या साहेबांनी आमचं कार्ड हातात घेतलं, मागं-पुढं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘लोकल माल आम्ही सहसा घेत नाही हो.’’

लोकल. गवारीला आणि वांग्याला हा शब्द लावला की गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देतं. कारखान्याच्या मालाला लावला की संपलंच. माझे कान तापले. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘मालाचं राहू द्या साहेब. तुमची टेस्ट लिहून द्या. पत्रे आणून तुमच्या टेबलावर ठेवतो, मग ठरवा.’’

टेस्ट त्यांनी लिहून दिली. प्रायमर आणि फिनिश मिळून १२० मायक्रॉनचा थर, म्हणजे माणसाच्या डोक्यावरचे फार तर दोन केस एकावर एक ठेवावेत एवढी जाडी. तेवढ्या थरानं मिठाच्या फवाऱ्यात ५०० तास आणि ४० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात २४० तास टिकायचं. फोड नकोत. फुलीपासून गंज ३ मिलिमीटरच्या आत.

फुलीचं सांगते. मिठाच्या फवाऱ्याची पेटी म्हणजे झाकण असलेला प्लास्टिकचा हौदच. आत ३५ अंश तापमान आणि ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, रात्रंदिवस. रंगवलेला पत्रा त्यात ठेवण्याआधी टोकदार हत्यारानं त्याच्यावर फुली मारतात, थेट खालचं लोखंड दिसेपर्यंत. धडधाकट रंग टिकला एवढ्यानं भागत नाही. गाडीतून उतरवताना पंपाला ओरखडा पडणारच, पान्हा निसटणारच. तिथून आत शिरलेला गंज रंगाच्या खालून किती लांब पोखरत जातो, हे पाहायचं असतं. चांगला प्रायमर जखम झाल्यावरही आजूबाजूची जागा सोडत नाही. ५०० तास म्हणजे जवळजवळ २१ दिवस. आमची पेटी अण्णांनी जुनी विकत घेतलेली होती. तिचं झाकण लागलं नाही की वीट ठेवायची.

प्रायमर आम्ही बॉल मिलवर घोटतो. ‘घोटणं’ हाच आमच्याकडचा शब्द. आडवा पोलादी ड्रम, आत चिनीमातीसारख्या पांढऱ्या स्टिअटाइटच्या गोट्या, त्यात रेझिन, सॉल्व्हंट आणि पावडरी भरायच्या आणि रात्रभर फिरवायचं. आता गोट्यांऐवजी बारीक मण्यांच्या ‘बीड’ मिल आल्या आहेत, आमच्याकडंही एक आहे, काम लवकर होतं. पण जड पावडरींच्या प्रायमरला मामांचा भरवसा बॉल मिलवरच.

मामा म्हणजे मिलवरचे ऑपरेटर. मी लागले तेव्हाच त्यांना वीस वर्षं झाली होती. शिक्षण सातवी. मिल भरून चालू केली की ते पाच मिनिटं नुसते उभे राहतात आणि आवाज ऐकतात. गोट्या कडकड वाजायला लागल्या की माल पातळ झालाय, गोट्या एकमेकींवरच झिजतायत. आवाज अगदी दबला की माल घट्ट, गोट्या चिकटून फिरतायत, घोटाई होत नाही. यांच्या मधला एक भरीव, गडगडता आवाज असतो. तो लागला की मामा हात पुसून चहाला जातात. सकाळी मिल थांबवून थेंबभर माल दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये चोळतात आणि म्हणतात, ‘‘अजून दोन तास लागंल.’’ मग मी हेगमन गेज काढायची. पोलादाचा ठोकळा, त्यात उतरती खाच. खोल टोकाला १०० मायक्रॉन, दुसऱ्या टोकाला शून्य. रंग ओतून पट्टीनं ओढायचा आणि उजेडाकडं तिरकं धरून दाणे कुठून दिसायला लागतात ते वाचायचं. पहिल्या वर्षी मी मामांचं नख आणि माझा गेज दोन्ही वहीत लिहून ठेवायची. महिन्याभरात कळलं की दोन रकाने लिहायची गरज नाही.

फेब्रुवारीत पहिली ट्रायल बॅच झाली. इपॉक्सी प्रायमर, गंजरोधक म्हणून झिंक फॉस्फेट, रंगाला लाल आयर्न ऑक्साइड. ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे बारीक खड्यांचा मारा करून साफ केलेल्या पत्र्यांवर मारला, वर निळं पॉलियुरेथेन फिनिश, सात दिवस वाळू दिलं. निम्मे पत्रे मिठाच्या पेटीत गेले, निम्मे गरम पाण्याच्या टाकीत.

चौथ्या दिवशी सकाळी पाण्यातला पत्रा बाहेर काढला आणि पोटात गोळा आला. सगळ्या पत्र्यावर मोहरीएवढे फोड. बोट फिरवलं तर उन्हाळ्यात अंगावर घामोळं उठतं तसं हाताला लागत होतं. मी पळत जाऊन मिठाच्या पेटीचं झाकण उघडलं. तिथला पत्रा व्यवस्थित. फुलीपाशी थोडा गंज, बाकी एकही फोड नाही.

मला आधी काही सुचेना. मिठाचं पाणी जास्त वाईट, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग जिथं मीठ आहे तिथं रंग टिकतो आणि स्वच्छ पाण्यात फुगतो, हे कसं? पत्रा नीट साफ झाला नसेल म्हणून परत ब्लास्ट करून मारला. तेच. रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरचं प्रमाण तपासलं, थराची जाडी एल्कोमीटरनं दहा ठिकाणी मोजली. सगळं बरोबर. तरी चौथ्या दिवशी फोड.

एप्रिलमध्ये घरी कैरीचं लोणचं घालायचं चाललं होतं. आईनं फोडींना मीठ चोळून परात झाकून ठेवली होती आणि तासाभरानं झाकण काढलं तर खाली पाणी सुटलेलं. हे मी लहानपणापासून बघतेय. त्या दिवशी मात्र परातीकडं बघत उभी राहिले. पाणी मिठाकडं ओढलं जातं. बाहेर मीठ असेल तर ते फोडीतून बाहेर येतं. आणि मीठ आतच असेल तर?

रंगाचा थर आपल्याला काचेसारखा बंद वाटतो, पण पाण्याची वाफ त्यातून थोडीथोडी जातेच. प्रायमरमध्येच जर पाण्यात विरघळणारं काही मीठ असेल, तर बाहेरचं स्वच्छ पाणी थरातून आत ओढलं जाणार, तिथं साठणार आणि रंगाला वर ढकलणार. मिठाच्या पेटीत बाहेर आधीच मीठ, म्हणून ओढ कमी. दोन पत्र्यांचा उलटा वाटणारा निकाल आता सुलटा झाला. आणि आमच्या पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात पंपावर काय पडतं? चार महिने पावसाचं गोडं पाणी.

दुसऱ्या दिवशी आठलाच कारखान्यात पोहोचले. प्रायमरमध्ये जाणारी प्रत्येक पावडर वेगवेगळी घेतली, प्रत्येकीचे वीस ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात उकळले, गार केले, गाळले. पाच परीक्षानळ्या ओळीनं लावल्या. पाचही पाणी दिसायला सारखंच नितळ. प्रत्येकीत दोन थेंब पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि मग बेरियम क्लोराइड. पहिली नितळ. दुसरी नितळ. तिसरी नळी लाल ऑक्साइडची होती. थेंब पडला तिथून दूध फाटल्यासारखा पांढरा ढग खाली उतरत गेला आणि नळीच्या पलीकडची खिडकी दिसेनाशी झाली.

सल्फेट. लाल ऑक्साइड बनवायची एक जुनी रीत म्हणजे हिराकस भाजणं. हिराकस म्हणजे आयर्न सल्फेट. नंतर ती पावडर नीट धुतली नाही तर सल्फेट तिच्यात राहतं. आमच्याकडं तीन महिन्यांपूर्वी किलोमागं थोडा स्वस्त पडतो म्हणून नवा ऑक्साइड आला होता. रंग तोच, घोटाई तीच, हेगमनवर तेच. मी त्याची छटा तपासली, पावडर किती तेल पिते ते तपासलं आणि पास केला. विरघळणारे क्षार तपासले नव्हते. सही माझीच होती.

नळी घेऊन मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘हा ऑक्साइड अजून कुणाच्या मालात गेलाय?’’

बॅच कार्डं काढली. दोन गिऱ्हाइकांना गेला होता, मिळून अकरा डबे. दोघांचीही तक्रार नव्हती. त्यांचा माल शेडमध्ये राहणारा होता, कदाचित कधीच आली नसती. अण्णांनी माझ्यासमोर दोघांना फोन लावले. ‘‘आमच्या प्रायमरमध्ये दोष सापडलाय. उरलेले डबे वापरू नका, उद्या गाडी पाठवतो. मारलेल्या मालाचं काय करायचं ते बसून बोलू.’’ फोन ठेवल्यावर मला म्हणाले, ‘‘आपला फोन त्यांच्या फोनच्या आधी गेला पाहिजे. एवढंच लक्षात ठेव. आणि क्षारांची टेस्ट आजपासून कार्डावर घे.’’ माझ्या सहीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी तो दिवस विसरणार नाही.

अण्णांचं हे पहिल्यांदाच होतं असं नाही. पिवळ्या आणि केशरी रंगांत पूर्वी सगळीकडं लेड क्रोम वापरायचे. स्वस्त, खालचं झाकायची ताकद उत्तम, उन्हात बऱ्यापैकी टिकणारं, पण त्यात शिसं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. आम्हाला कुणी विचारायला येणार नव्हतं. तरी अण्णांनी लेड क्रोमची पोती परत केली. म्हणाले, ‘‘नियम घराच्या भिंतीला आहे, पण पावडर मिलमध्ये टाकताना ती मामांच्या नाकात जाते.’’ क्रेनच्या पिवळ्याचा भाव वाढला, दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. पॅकिंगला असलेल्या आक्कांनी त्या दिवशी मला विचारलं, ‘‘आता ह्यो रंग साधा हाय न्हवं?’’ मी हो म्हटलं आणि मला फार बरं वाटलं. गंजरोधक म्हणून झिंक क्रोमेटऐवजी झिंक फॉस्फेट आलं तेही त्याच विचारानं. क्रोमेट गंजाला भारी, पण त्यातला क्रोमियम माणसाला कॅन्सर करणारा.

तर, धुतलेला, क्षार नसलेला ऑक्साइड आणला. पाण्याची टेस्ट पार पडली, २४० तासांनंतर पत्रा जसाच्या तसा. मग जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि निळ्या फिनिशवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली. हे मात्र लवकर सापडलं. पॉलियुरेथेनच्या हार्डनरला पाणी चालत नाही. ओल मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे धरतात. ओल आली थिनरमधून. बॅरल उघड्यावर उभं होतं, डोक्यावर पावसाचं पाणी साठलेलं, बूच पक्कं लागलेलं. तरी पाणी आत गेलं, कारण दिवसा तापलेलं बॅरल रात्री गार झालं की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून वरचं पाणी ओढून घेते. तेव्हापासून आमची बॅरलं आडवी असतात, दोन्ही बुचं एका पातळीत, आतल्या मालाखाली राहतील अशी. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी दाखवते.

२२ जुलैला पक्के पत्रे मिठाच्या पेटीत गेले.

पेटीचं रोजचं काम असतं. आत दोन नरसाळी, त्यांना लावलेली मोजनळकांडी. ८० चौरस सेंटिमीटरवर तासाला १ ते २ मिली पाणी जमलं पाहिजे, म्हणजे चोवीस तासांत २४ ते ४८. जमलेल्या पाण्याचा पीएच ६.५ ते ७.२ च्या मध्ये हवा. खाडा, वीज गेलेली वेळ, झाकण उघडलेली वेळ, सगळं वहीत. वही अपुरी असेल तर निकालाला अर्थ नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा फुगली. त्या वर्षीचा पूर कोल्हापुरातलं लहान मूलही विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी शहरात राहते, कारखाना नदीपलीकडं. तावडे हॉटेलपासून पुढं शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. अण्णाही इकडंच अडकले. पेटीत तेव्हा साधारण ३४० तास झाले होते.

मामा एमआयडीसीच्या पलीकडच्या अंगाला राहतात, त्यांचा रस्ता कोरडा होता. पण त्यांच्या घरात पुरातून आलेली बहीण, मेहुणे, त्यांची पोरं अशी नऊ माणसं वाढलेली. त्यांना काही सांगायची माझी हिंमत होईना. सकाळी नवाला त्यांचाच फोन आला.

‘‘ताई, कारखान्यात हाय. पेटी चालू हाय. वहीत काय काय ल्हियाचं ते सांगा.’’

मी सांगितलं. मोजनळकांडं सपाट जागी ठेवायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, पाणी कडेला चढलेलं दिसतं ते सोडून मधली खालची कड वाचायची.

‘‘एकात छत्तीस, एकात अडतीस. खालचीच कड धरलीया.’’

‘‘तास किती?’’

‘‘मीटरवर तीनशे बावन. राती दोन तास लाईट नव्हती, ती येगळी मांडलीया.’’

पीएचचा कागद भिजवून त्यांनी रंगपट्टीशेजारी धरला आणि फोटो पाठवला. नातवानं शिकवलं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्याची टाकी संपत आली. नवं पाणी करायचं म्हणजे ५ किलो मीठ आणि ९५ किलो डिस्टिल्ड पाणी, आणि मीठ शुद्धच हवं; घरच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर मामाच म्हणाले, ‘‘कपाटातल्या पांढऱ्या डब्यातलंच घेतलंय, मोठ्या काट्यावर तोलून. हायड्रोमीटर बुडवून फोटू धाडतो, बघून सांगा, मग नळी जोडतो.’’ फोटोत घनतेचा आकडा १.०३ च्या जरा वर. बरोबर.

अण्णांनी मला दोनदा फोन करून सांगितलं, ‘‘मामांना म्हणावं, जिवावर बेतत असेल तर पेटी बंद कर. परत करू टेस्ट.’’ मी निरोप दिला. मामा म्हणाले, ‘‘हितं कोरडं ठाक हाय. बंद केली तर परत पयल्यापासनं. मी हाय की.’’

मग आवाज जरा उतरला. ‘‘घरात बसून तरी काय करायचं ताई? तिकडं भैनीचं घर पाण्यात हाय, बघवत न्हाई. हितं आलं की काम दिसतं.’’

महामार्ग सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोहोचले. रस्त्याच्या दोन्ही कडांना चिखलाचा वास, झाडांवर पाण्याच्या खुणा. पेटीचा मीटर ४९१ वर होता. मामांनी झाकणावरची वीट सरळ केली आणि वही माझ्या हातात दिली. सात पानं. मोठं, सुटं सुटं अक्षर. आकडा चुकला तिथं खोडलेला नाही, एक रेघ मारून वर नवा लिहिलेला आणि शेजारी सही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं बॅच कार्डावर ते तसंच करत आलेत.

ऑगस्ट संपताना पंप कंपनीचे दोघं आले. त्यातले गुणवत्ता विभागाचे साहेब कमी बोलणारे. पत्रे वाहत्या पाण्यात धुतले, त्यांनी स्वतः पात्यानं फुलीच्या कडा खरवडल्या आणि मोजपट्टी लावली. दीड मिलिमीटर. भिंग घेऊन फोड शोधले. नव्हते. मग त्यांनी वही मागितली आणि पानं उलटता उलटता थांबले.

‘‘इथून अक्षर बदललंय.’’

‘‘पुरात मी येऊ शकले नाही. आमच्या मिलवरच्या मामांनी ठेवलीय.’’

त्यांनी मामांना बोलवायला सांगितलं. मामा हात पुसत आले, दाराशीच उभे राहिले. साहेबांनी मोजनळकांडं पुढं केलं, त्यात थोडं पाणी ओतलं आणि वाचायला सांगितलं. मामांनी ते टेबलावर ठेवलं, गुडघ्यावर बसून डोळा पातळीला आणला, आणि म्हणाले, ‘‘सत्तावीस. कडेनं बघितलं तर अठ्ठावीस वाटंल, पण मधलं सत्तावीसच.’’ साहेबांनीही वाकून पाहिलं. मग उभं राहून मामांशी हात मिळवला. खोलीत कुणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पत्र्यांकडं वळून लपवलं.

मंजुरीचं पत्र सप्टेंबरात आलं. पहिली ऑर्डर प्रायमरच्या चाळीस डब्यांची. शेवटचा डबा भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मिल धुऊन-पुसून झेंडूची माळ घातली, हेगमन गेज, एल्कोमीटर, मोठा काटा, सगळं पाटावर मांडलं. आक्कांनी कुंकू लावताना विचारलं, ‘‘ती वही पण ठेवायची न्हवं?’’ वहीलाही हळदकुंकू लागलं. पहिल्या पानावर तो डाग अजून आहे.

खरेदीवाले साहेब पुढं एकदा फोनवर म्हणाले, ‘‘लोकल असल्याचा एक फायदा आहे, अडचण आली की तासाभरात माणूस समोर असतो.’’ त्यांनी कौतुकानं म्हटलं. मला त्यात अजून थोडं घालावंसं वाटतं. कोकणातला पाऊस, इथला दमट जुलै, फाउंड्रीतून येणारं कास्टिंग कुठं खरबरीत आणि कुठं तेलकट असतं, रंगवणारी पोरं हार्डनर मिसळून वीस मिनिटं थांबत नाहीत, हे सगळं आम्हाला रोज दिसतं. त्या दिसण्यातून आमचं सूत्र बनतं. डब्यावर नाव छोटं आहे, आणि पंप जिथं बसतो तिथं तेही दिसत नाही. दिसतं ते त्या पंप कंपनीचं. मला त्याचं काही वाटत नाही. गावात नळाला पाणी आलं की माझं काम पोहोचलं.

कारखान्याच्या गच्चीवर एक लोखंडी मांडणी आहे, ४५ अंशांत कललेली, तोंड दक्षिणेला. त्यावर २०१९ चे तीन पत्रे बांधलेत. दोन मंजूर झालेल्या सूत्राचे. तिसरा सल्फेटवाल्या ऑक्साइडचा. तो काढून टाकू का म्हणून मी विचारलं होतं, तर अण्णा म्हणाले, राहू दे, शेजारी दिसू दे. पेटीतले तास वेगळे आणि खरी वर्षं वेगळी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी शिडी चढून वर जाते, पत्रे पुसते, भिंगातून बघते आणि लिहिते.

गेल्या शनिवारी वर होते तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. तिसऱ्या पत्र्यावर फोड फुटून गंजाचे ओघळ खालच्या कडेपर्यंत आलेत. पहिल्या दोघांवर फुलीची रेघ तपकिरी, पण तिच्या दोन्ही बाजूंना निळा रंग घट्ट. चमक थोडी उतरलीय, नखानं ओढलं तरी कड उचलत नाही. तारीख घातली, आकडे मांडत होते, आणि खाली मिलचा आवाज बदलला. गडगडणं जाऊन गोट्या कडकड वाजायला लागल्या. मी वही बंद केली आणि शिडीकडं वळले, तोवर मिल थांबलेली होती. मामा खालून हाक मारत होते, ‘‘ताई, गेज घेऊन या, माल पातळ लागतोय.’’